दुकान वाढवलं

"बटणवाले, कुठे निघालीस सकाळी सकाळी? शनिवार आहे. शेंबड्या पोरालाही कळतं, शनिवारी झोपायचं असतं."

पांघरुणातून नुसता आवाज आला. खोलीतली जोडीदारीण डोकं बाहेर काढायला तयार नव्हती.

"हिंडायला."

"कोणाबरोबर?"

"एकटीच."

आता डोकं बाहेर आलं. "अगं, दीड वर्ष झालं या देशात येऊन. कॉलेज सोडलं तर तुला कपडे धुवायच्या दुकानापलीकडे रस्ता माहीत नाही. आणि आज हिंडायला? बाबांना सांगितलंस, परत येत नाही म्हणून?"

"संध्याकाळी सांगते."

"म्हणजे तोवर वेळ काढायचाय. जा, मजा कर."

तिने बुटांच्या नाड्या बांधल्या आणि दार ओढून घेतलं.

तिच्या बाबांचं बटणांचं दुकान होतं. बरण्यांत भरलेली बटणं, रिळं, हूक, चेनी. शिंप्यांना लागणारं सगळं. ती निघाली तेव्हा बाबा म्हणाले होते, "दोन वर्षं शीक आणि ये. गल्ल्यावर तूच बसायचंय." तिने मान हलवली होती. आता इथल्याच एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती आणि सोमवारी उत्तर हवं होतं. बाबांशी कसं बोलावं याची जुळवाजुळव चालू असतानाच बुधवारी त्यांचा निरोप आला. बाबा मोबाइलवरही तारेसारखंच लिहीत. 'शनिवारी दुकान वाढवतोय. काळजी करू नकोस. अभ्यास कर.'

शेजारच्या गाळ्यावर त्यांचा डोळा ती शाळेत असल्यापासून होता. मधली भिंत पाडली की कसं ऐसपैस होईल, हे ते जेवताना बोटाने ताटात आखून दाखवत. तर अखेर मुहूर्त लागला होता. कोणासाठी, हे विचारायची गरज नव्हती.

ती ट्राममध्ये बसली आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं, म्हणून नदीच्या काठाने चालत परत निघाली. पुलावर एक म्हातारा गळ टाकून बसला होता. त्याच्या बादलीत पाणी होतं, मासा नव्हता. ती बराच वेळ त्याच्या शेजारी कठड्याला टेकून उभी राहिली. बाकावर बसून तिने डब्यातला पाव खाल्ला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कोटांची बटणं पाहिली. ही खोड लहानपणापासूनची. एका बाईचं वरून तिसरं बटण वेगळ्या दोऱ्याने लावलेलं होतं. घाईत, नवऱ्याने लावलं असावं.

मनात वाक्यं चालूच होती. 'बाबा, मला इथे नोकरी लागतेय' हे फारच उघडंबोडकं वाटत होतं. 'बाबा, दुकान मोठं करू नका' हे तर भिंत पडल्यावर सांगून उपयोगाचं नव्हतं.

उन्हं कलताना ती जुन्या वस्तूंच्या एका दुकानात शिरली. एका बशीत शिंपल्याची बटणं होती, पिवळट पुठ्ठ्यावर ओळीने टाचलेली. नव्या दुकानाच्या दर्शनी काचेत छान दिसतील म्हणून तिने तो पुठ्ठा घेतला. द्यायला काहीतरी हातात असलं, की 'नाही' म्हणणं सोपं जातं.

ती बाहेर पडली आणि दुकानदारीणबाई मागोमाग आवराआवरीला लागल्या. बाहेर टांगलेले कोट आधी आत नेले. मग पायरीवरच्या खुर्च्या. मग फळीवर फडकं मारलं आणि आतले दिवे मागून पुढे एकेक करत घालवले. दाराजवळचा एक तेवढा ठेवला. ती रस्त्यात उभी राहून पाहत होती. हे सगळं तिने लहानपणापासून रोज पाहिलं होतं, याच क्रमाने. आता बाबा कुलूप उचलणार आणि म्हणणार, "चला, वाढवू या."

बाईंनी शेवटचा दिवा घालवला.

तिने फोन लावला. घरचं घड्याळ इथल्यापेक्षा चार-पाच तास मागे, तिथे अजून दुपार होती.

"हं, बोल. जेवलीस?"

"बाबा, दुकान वाढवलं म्हणजे... बंद केलंत?"

"बंद म्हणू नये गं."

"मला वाटलं, शेजारचा गाळा घेतलात."

बाबा हसले. "शेजारच्यानेच माझा घेतला. मोबाइलवाल्याने. आज भिंत पाडतायत. दुकान वाढलंय की, फक्त माझं नाही."

"मला नीट सांगायचं तरी!"

"लिहिलं होतं की स्वच्छ."

"पण मी येणार होते ना परत?"

"येणार होतीस?"

सकाळपासून जमवलेल्या वाक्यांपैकी एकही इथे बसत नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "नोकरी मिळतेय इथे. सोमवारी हो म्हणायचंय."

"मग म्हण."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? आधी फोन केलास की विचारायचीस, नवा माल काय आला. अलीकडे विचारत नाहीस. गिऱ्हाईक तुटलेलं दुकानदाराला कळतं." मग जरा मऊ आवाजात, "आणि शिंपी तरी राहिलेत कुठे? ते सोड. आज काय केलंस?"

"हिंडले. एकटीच."

"झकास. उद्यापासून मीही हिंडणार. तुझी आई म्हणते, चौकापर्यंत जाल आणि परत याल."

"आणि बरण्या? बटणांच्या?"

"भंगारवाला येतोय उद्या. किलोवर घेतो म्हणाला."

पलीकडे घणाचा घाव ऐकू आला. मग दुसरा.

"अहो, जरा दमानं!" बाबा कुणावर तरी ओरडले. मग तिला म्हणाले, "थांब हं, फोन ठेवू नकोस. बरण्यांवर चादर टाकतो. धूळ बसेल."

फोन गल्ल्यावर ठेवल्याचा आवाज आला. घाव पडत राहिले. मध्येच चादर झटकल्याचा फडफडाट ऐकू आला, मग बरणीला बरणी लागल्याची किणकिण. बटणांचा पुठ्ठा हातात धरून ती बंद दुकानासमोर थांबून राहिली.