बंबाच्या पाण्यात बुडालेली कवळी

मित्रांनो, मी एक जुनी कवळी आहे. नाकं मुरडू नका. एके काळी सुभेदार लालासाहेबांचं हसू म्हणजे मीच होते.

माझा जन्म मिरजेला, कवळ्या बनवणाऱ्या ताहेराबाईंच्या हातून झाला. माझी थोरली बहीण निव्वळ कडक अ‍ॅक्रिलिकची होती. सुभेदारांच्या हिरड्या तिनं सोलून काढल्या. म्हणून ताहेराबाईंनी माझ्यात मऊपणा आणणारं दुसरं एक द्रव्य मिसळलं. ते जितकं जास्त, तितकं अ‍ॅक्रिलिक कमी उष्णतेला नरम पडतं. "आजोबा, हिला कोमट पाण्यातच धुवा हां," त्यांनी बजावलं होतं.

सुभेदारांनी मान डोलावली. पण फौजी माणूस! कडकडीत पाण्याशिवाय त्यांना स्वच्छता पटायचीच नाही.

प्रजासत्ताक दिनी शाळेच्या मैदानावर हुकूम देण्याचा मान त्यांचा. त्या वर्षी मात्र निवृत्त हवालदार नाथाजी चारचौघांत म्हणाला होता, "सुभेदारांचा आवाज आता बसला. मान दुसऱ्याला द्या." ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

त्या सकाळी मैदानावर रुबाबात जायचं म्हणून, मला लख्ख करायला त्यांनी थेट बंबातल्या कडकडीत पाण्यात बुडवलं.

"आवं, ताहेरानं नगं म्हणून सांगितलंय न्हवं?" त्यांच्या पत्नी अंजनाबाई ओरडल्या.

"थोरली रोज ह्याच पाण्यात न्हायची. तिला काय झालं?"

तिला काय होणार? तिच्यात मऊपणाच नव्हता! मी मात्र वाकडी झाले. तोंडात कशीबशी बसले, पण टाळू काही धरवेना.

मैदानावर सुभेदारांनी छाती फुगवली. "सावधान!"

मी उडाले ती थेट पोरांच्या रांगेपुढे मातीत पडले. कुणी हललं नाही, कारण हुकूम तसा होता. हसू दाबून पोरं लालबुंद झाली. सुभेदारांनी ओठ घट्ट मिटले. आता विश्राम कोण म्हणणार? मला त्यांची फार दया आली.

अंजनाबाई तरातरा आल्या, मला उचलून पदरानं पुसलं. "आवं, पोरं उनात उभी हायती. हुकूम काय दातांनी देता व्हय तुमी?"

सुभेदारांनी बोळकं उघडलं. "विश्राम!" त्यात निम्मी हवाच होती. तरी अख्खं मैदान एका दणक्यात हललं. पहिला पाय नाथाजीचा.

"फुडल्या वर्सी बी तुमीच, सुभेदार," तो खाली बघत म्हणाला.

मित्रांनो, मी आता फळीवर वाकडी बसून असते. कुणी आपल्या सुखासाठी मऊ झालं असेल, तर त्याच्यावर कडकडीत पाणी ओतू नका, एवढंच माझं मागणं. माझ्या जागी आलेली धाकटीही मऊच आहे. बंब पेटला की अंजनाबाई तिला पदराच्या गाठीत बांधून ठेवतात.