गॅलरीची परवानगी

वर्तकनगरच्या त्या सोसायटीत रंगूबाईंनी गॅलरी आत घेतली, ती काही कुणाच्या सांगण्यावरून नाही. लेकाला, साईनाथला, अभ्यासाला जागा हवी, हे त्यांच्याच डोक्यानं घेतलं. ग्रिल आलं, काचा आल्या, काचांना कपाट टेकलं. समोरच्या इमारतीत, रंगूबाईंसारख्याच तिसऱ्या मजल्यावर, आवडाबाई आपल्या गॅलरीत उभ्या होत्या. "रंगू, मला कपाटाची पाठ दाखवतेस होय गं?" एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्याआधी पंधरा वर्षं दोघींनी गॅलरीतून गॅलरीत संसार केला होता. लसूण सोलता सोलता दोन्हीकडच्या सासवांचा उद्धार व्हायचा. रुसवा दोन दिवसांचाच; पण कपाट काही हललं नाही. खाली बाकावर भेटी व्हायच्या, तोवर निभावलं. मग दोघींच्या गुडघ्यांनी जिने नाकारले, आणि लिफ्ट दोन्हीकडे नाही. आवडाबाईंना ऐकू कमी येतं, फोनवरचं कळत नाही. समोर ओठ दिसले की सगळं कळतं. वीस फुटांवरची मैत्रीण चार वर्षं दिसली नव्हती. रंगूबाईंना तिची रोज आठवण यायची, आणि चूक आपलीच, हे जास्त टोचायचं.

साईनाथ घोडबंदर रोडला राहायला गेला, तेव्हा त्यांनी गॅलरी पुन्हा उघडायचं ठरवलं. नेमकी तेव्हाच बातमी आली: आवडाबाईंची लेक त्यांना रविवारी कल्याणला नेणार. कायमची.

रघु काँट्रॅक्टर म्हणाला, "मावशी, परवानगी-बिरवानगी कसली? रिपेरिंग तर आहे. स्लॅब पोकळ वाजतोय, तोच चार दिवसांत नवा घालतो. शनिवारी खुर्ची टाका बिनधास्त."

रंगूबाई हो म्हणणारच होत्या. पण साईनाथनं समीक्षा नावाच्या इंजिनिअर मुलीला आणलं होतं. तिनं हातोडी मारली, तसा प्लास्टरचा पोपडा सुटला आणि गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या.

"काकू, प्लास्टर, रंग, लाद्या, याला कुणी विचारत नाही. पण स्लॅब पाडून नवा घालायचा तर महापालिकेची परवानगी लागते. महिना तरी जाईल. तोवर यावर पाय ठेवायचा नाही."

"आणि ग्रिल, काचा काढायला?"

"त्या लावायला परवानगी लागत होती, काकू. काढायला कसली?"

लावताना मात्र कुणाला विचारायचं सुचलंही नव्हतं. रंगूबाईंना हसावं की रडावं कळेना.

समीक्षा गेल्यावर रघु हळूच म्हणाला, "कोण बघतंय मावशी? आतून करून टाकतो."

रंगूबाईंचा जीव रविवारात अडकला होता. पण बरोब्बर खालच्या गॅलरीत दर्शनाच्या तान्ह्याचा पाळणा असतो. "नको रे," त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी साईनाथनं कमरेला दोर बांधलेली माणसं लावून कपाट हलवलं, ग्रिल आणि काचा उतरवल्या. उंबऱ्याशी समीक्षानं खडूची रेघ मारली होती. रेघेच्या अलीकडे, आतल्या अंधारात, रंगूबाई खुर्चीवर बसल्या. पलीकडे आवडाबाई नवं लुगडं नेसून गॅलरीत आल्या. केवढ्या वाळल्या होत्या! रंगूबाईंचे डोळे भरून आले.

"रंगू? अगं पुढे ये ना! तोंड दिसत नाही तुझं!"

चार पावलांचा प्रश्न होता. रंगूबाई उठल्या. साईनाथनं दंड धरला. "आई, नाही."

त्यांनी तोंडावर उजेड येईल इतकी मान पुढे काढली आणि एकेक शब्द सुटा करत ओरडल्या, "स्लॅब खराब आहे गं! परवानगी आली की येते पुढे!"

खाली गाडीचा हॉर्न वाजला. लेकीनं आतून हाक मारली. आवडाबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. कोपऱ्यातलं स्टूल त्यांनी कठड्यापाशी ओढलं.

"बरं," त्या म्हणाल्या, "थांबते मी." आणि त्यावर बसल्या.