वाकड्या जबड्याचा मास्क

मी मास्क बोलतोय. धुळीचा नव्हे, आणि चोराचा तर नव्हेच! नळीतून येणारी हवा झोपलेल्या माणसाच्या घशात पोचवायची, हे माझं काम. सध्या कपाटात जुन्या स्वेटरांखाली पडून आहे.

माझा धनी गवंडी होता. एकदा बांधकामावर उभं राहायच्या परांचीची फळी निसटली आणि त्याच्या हनुवटीवर बसली. जबडा मोडला. हाड जुळलं, पण मागे सरकून, डावीकडे कलून. घास चावता येऊ लागला, तशी सगळी निश्चिंत झाली.

त्याचा श्वास मात्र तेव्हापासूनच अडकायला लागला. झोपला की जीभ मागे पडायची, घशाची वाट बुजायची. घोरता घोरता तो गप्प व्हायचा, मग गुदमरून दचकायचा. घोरण्याला माणसं हसतात. ते मधलं गप्प होणं कुणाच्या कानावरच येत नाही!

कामावरचे म्हणायचे, "मिस्त्री, घरीपण मिक्सर चालवता काय?"

थापी हातात असताना डुलक्या येऊ लागल्या, तेव्हा बायकोने त्याला ओढतच डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या आणि हवा सोडणाऱ्या यंत्रासोबत मी घरात आलो.

त्या वाकड्या जबड्यावर मी काही बसेना. डावीकडून हवा फुसफुसायची. बायकोने मऊ कापडाची घडी माझ्या कडेला शिवली. मग बसलो! कितीतरी वर्षांनी तो माणूस पोटभर झोपला.

पुढे लेकीचं लग्न झालं, आणि सासरची मंडळी राहायला येणार असं ठरलं.

"बाबा, तेवढे दिवस ते सोंडेचं प्रकरण आत ठेवा ना," लेक म्हणाली. "उगाच नाही नाही ते विचारतील."

"अगं, श्वास आहे तो त्यांचा!" आई कडाडली.

"जाऊ दे गं. चार दिवस घोरलो तर काय आभाळ कोसळतंय?" तो हसला.

मी कपाटात गेलो. पाहुणे रमले, मुक्काम वाढला. तो रोज तारवटल्या डोळ्यांनी कामावर जायचा. शेवटी परांचीवर उभ्या उभ्या त्याचा डोळा लागला, आणि तो खाली कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही. पाहुण्यांच्या बॅगा अजून भरायच्या होत्या.

लेक आली की कपाट उघडते, माझ्या कडेची घडी चाचपते. आई तिला कधी एका शब्दाने बोलली नाही. तेच तिला जास्त लागतं.

यंत्र द्या कुणा गरजूला. मला राहू द्या. या शिवणीसकट मी एकाच चेहऱ्याचा आहे. तुमच्या घरी कुणी घोरत असेल तर हसण्याआधी जरा कान द्या. आणि पाहुणे येणार म्हणून कुणाचा श्वास कपाटात ठेवू नका.