पाठीवर नाव लिहिलेलं कासव

जीवदानाइतकं पुण्य दुसऱ्या कशात नाही, असं देगू शहरातल्या प्रत्येक देवळात सांगतात. शहराच्या मधोमध खणलेल्या तळ्यावर मात्र हे पुण्य जाळ्याने बाहेर काढावं लागतं. बाजारातून परदेशी कासव आणायचं, पाठीवर आजाऱ्याचं नाव लिहायचं आणि पाण्यात सोडायचं, अशी रीत. ते मग मासे, अंडी, कमळं, सगळं फस्त करतं. ही कासवं पकडायला प्यो जोंग-ग्वान यांची नेमणूक होती. अकरा वर्षांत त्यांनी निम्म्या शहराची दुखणी उपसली होती.

मंगळवारी सकाळी एक आजी काठावर बसून पाण्याकडे बघत कुणाला तरी समजावत होत्या, "लांब जा की. घुटमळतोस काय?"

"आजी, इथे सोडायला बंदी आहे," प्यो म्हणाले. "पाटी वाचली नाहीत?"

"चष्मा घरी राहिला."

चष्मा डोळ्यांवर होता.

"कुणाचं नाव?"

"ओम दल-सू. माझा नवरा. आत्ता ऑपरेशनला आत नेलंय, पोटाचं. बारापर्यंत काढू नकोस रे बाबा."

"बारानंतर काढलं तर चालेल?"

"बारानंतर डॉक्टर जबाबदार."

"दवाखान्यात कोण आहे?"

"मुलगा. मला हाकललं त्याने. म्हणे, तू नर्सबाईंना शिकवतेस."

प्यो होडी घेऊन निघाले. कासव एव्हाना मधल्या दगडावर चढून मान ताणून बसलं होतं. हात लांबवला असता तरी मिळालं असतं. प्योंनी होडी पलीकडे नेली आणि रिकाम्या पाण्यात जाळं टाकलं. पुन्हा टाकलं. असे अडीच तास गेले.

मग साहेबांचा फोन आला. "प्यो, दगडावरचं मला ऑफिसातून दिसतंय."

"मला नाही दिसत, साहेब."

"डोळे तपासून घ्या."

"घेतो."

पावणेबाराला ते काठाला लागले, तेव्हा आजी फोनवर मुलाचं ऐकत होत्या. ऐकून झाल्यावरही फोन कानालाच होता.

"काय झालं?"

"भूल देणारा आलाच नाही. आत नेलंच नव्हतं त्यांना. उपाशी ठेवलं नुसतं." त्यांनी फोन पिशवीत ठेवला. "आता गुरुवारी सकाळी घेणार. तोवर राहील ना रे ते पाण्यात?"

"राहील," प्यो म्हणाले.

गुरुवारी सकाळी गाळ काढण्यासाठी तळं रिकामं करायचं होतं.