तेवीस महिने

शिवाजी पेठेतल्या व्याख्यानमालेचं पत्रक हातात पडलं आणि भाऊसो कांबळे सरांचा चहा कपातच निवून गेला. 'परक्यांच्या युद्धात अमेरिका का उतरली? वक्त्या : संयोगिता सरनोबत.'

हा विषय सरांचा होता. आधी मुरगूडला, मग कोल्हापुरात असा बत्तीस वर्षं त्यांनी इतिहास शिकवला आणि त्यातली वीस वर्षं या एकाच प्रश्नामागं घालवली. पहिल्या महायुद्धात 'आमचा काय संबंध' म्हणून दाराला कडी लावून बसलेला एवढा बलाढ्य देश शेवटी बाहेर पडला कसा? टिपणांनी दोन ट्रंका भरल्या होत्या. व्याख्यानमालेच्या मंडळाचे अध्यक्ष आण्णा यांच्याकडं त्यांनी एकदा शब्दही टाकून पाहिला होता.

"सर, तुमचं ज्ञान मोठं हाय, त्यात वाद न्हाय," आण्णा तोंडावर म्हणाले होते. "पर तुम्ही बोलाय लागला की माणसं घड्याळ बघत्यात."

आणि संयोगिता कोण, तर त्यांचीच विद्यार्थिनी. शाळेत मराठी शिकवायची आणि मोबाईलवर इतिहास सांगायची. जगात युद्धं पेटल्यापासून तिचे व्हिडिओ घरोघरी वाजत होते. खुद्द सरांच्या घरात मीनाबाई भाकरी थापताना तिलाच ऐकायच्या. "किती ग्वाड सांगती पोरगी, समदं ध्येनात ऱ्हातंय," असं त्या म्हणाल्या की सर चप्पल घालून बाहेर पडायचे. बत्तीस वर्षांत बायकोनं त्यांचा एक तास ऐकला नव्हता.

व्याख्यानाला चार दिवस असताना संयोगिता घरी आली, पाया पडली आणि कागदांचा गठ्ठा पुढं ठेवला. "सर, तुमच्या नजरेखालनं गेल्याशिवाय मी बोलणार नाही."

ती गेल्यावर सर वाचायला बसले. भाषण वाईट असतं तर बरं झालं असतं. ते सुरेख होतं. तिसऱ्या पानावर त्यांना आपलंच वाक्य भेटलं : 'अमेरिकेला दोन महासागरांचं कुसू होतं, पण तिचा बाजार कुसवाबाहेर भरत होता.' नववीच्या वर्गात हे ते दरवर्षी सांगायचे आणि मागच्या बाकावरची पोरं जांभया द्यायची. आता यावर टाळ्या पडणार होत्या.

सातव्या पानावर मात्र ते थबकले. तिनं लिहिलं होतं : 'मे १९१५ मध्ये जर्मन पाणबुडीनं लुसिटानिया ही ब्रिटिश प्रवासी बोट बुडवली. सव्वाशेच्या वर अमेरिकन माणसं मेली, आणि पुढच्याच महिन्यात अमेरिका युद्धात उतरली.'

सरांनी पेन्सिल उचलली. चूक साधी नव्हती, सगळा विषयच तिथं घसरला होता. अमेरिका युद्धात उतरली ती एप्रिल १९१७ मध्ये. कुणीतरी भर सभेत हे विचारेल, ती अडखळेल, आण्णा खाली बघतील. ते चित्र त्यांना इतकं गोड वाटलं की पेन्सिल त्यांनी पुन्हा खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा परत देताना ते म्हणाले, "छान झालंय."

व्याख्यानाच्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता सभागृह गच्च भरलं. गडहिंग्लजहून एस्टीनं माणसं आली होती. कुसवाच्या वाक्याला टाळ्या पडल्या, त्या सरांच्या कानात तापल्या तेलासारख्या उतरल्या. मग सातवं पान आलं. संयोगितानं ती चूक खणखणीत आवाजात वाचली आणि सरांनी श्वास रोखला.

कुणालाच काही वाटलं नाही. उलट जोरात टाळ्या वाजल्या. शेजारी मीनाबाईही वाजवत होत्या.

प्रश्नांची वेळ आली. एकानं डाळीच्या भावाचं विचारलं, एकानं तिचे व्हिडिओ कधी येतात ते. सरांना बसवेना. ते उभे राहिले.

"मे १९१५ ते एप्रिल १९१७. मधले तेवीस महिने कुठं गेले, बाई?"

संयोगितानं कागद उलटला, सरांकडं पाहिलं, परत कागदाकडं पाहिलं. तिचा चेहरा उतरला. पण ती सावरली. "माझी चूक झाली. ते तेवीस महिने सरांनीच सांगावेत."

सर व्यासपीठावर गेले आणि माईक त्यांच्या हातात आला. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं अचानक मिळालं, आणि ते बोलू लागले. बोट बुडाली तरी माणसांना युद्ध नकोच होतं. जर्मनीला नुसते निषेधाचे खलिते गेले. 'युद्धापासून दूर ठेवलं' म्हणून लोकांनी १९१६ ला त्याच अध्यक्षाला पुन्हा निवडून दिलं. तोवर माल आणि कर्ज एकाच बाजूला, जर्मनीच्या शत्रूंकडं, जात होतं. मग पाणबुड्या पुन्हा मोकाट सुटल्या, मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध फितवणारी जर्मनीची गुप्त तार उघडी पडली, आणि निवडणुकीला पाच महिने होतात न होतात तोच तो देश युद्धात होता. "एका दिवसात कुणी बदलत नाही," सर म्हणाले. कुणीही घड्याळ पाहिलं नाही.

टाळ्या थांबल्यावर आण्णांनी हात वर केला. त्यांना खरंच कळत नव्हतं. "सर, येक इचारू? बाई मला म्हणाल्या हुत्या, भाषण सरांनी तपासलंय. मग ही चूक ऱ्हायली कशी?"

'नजरचुकीनं' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. सरांनी मीनाबाईंकडं पाहिलं. त्या टक लावून बघत होत्या.

"चूक मला दिसली होती," सर म्हणाले. "मी मुद्दाम सांगितली नाही. जळत होतो मी तिच्यावर."

त्यांनी माईक टेबलावर ठेवला आणि ते खाली उतरले.

घरी जाताना मीनाबाई म्हणाल्या, "लेकीच्या वयाची हाय की वो ती."

आठवड्यानं ते संयोगिताच्या शाळेत गेले. तिनं खुर्ची दिली, चहा मागवला, पाया मात्र पडली नाही. "तुम्ही सगळ्यांसमोर कबूल केलंत, ते मोठं होतं सर," ती म्हणाली. "पण मी तुमच्यावर डोळे मिटून विसंबले होते."

"पुढचं भाषण कधी?"

"दिवाळीनंतर. दुसऱ्या महायुद्धावर."

"मी बघून देतो. या वेळी नीट बघतो."

तिनं क्षणभर कपाकडं पाहिलं. "गडहिंग्लजच्या एका प्राध्यापकांना दिलंय. ते बारकाईनं बघतात. खूप चांगले आहेत ते."

"असं का? बरं झालं," सर म्हणाले. परतीच्या वाटेवर पेठेच्या कोपऱ्यापर्यंत त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती : हा गडहिंग्लजचा प्राध्यापक कोण, आणि त्याला असं काय मोठं येतंय?