लिहिल्याप्रमाणे केले

त्याचं शेत दीडशे एकरांचं होतं आणि ते सगळंच्या सगळं त्याच्या बैठकीच्या भिंतीवर मावत असे. म्हणजे त्याचा नकाशा. शहरातल्या भूमापन कचेरीत नकाशे काढणं हेच त्याचं पोटापाण्याचं काम. वडील वारले, शेत त्याच्या नावावर झालं, तेव्हा त्यानं सगळ्यात आधी शेताचा एक देखणा नकाशा काढला: गहू पिवळा, कांदा जांभळा, लिंबाची बाग हिरवी, विहीर निळी. नकाशा वाळला आणि तो शेतावरच्या कारभाऱ्याला पत्र लिहायला बसला. बसला तो अकरा वर्षं उठलाच नाही. हे वाक्य त्याचंच. पुढे आयुष्यभर ही गोष्ट तो स्वतःच सांगायचा आणि सुरुवात इथूनच करायचा.

विसावं शतक तेव्हा नुकतं कुठे रांगायला लागलं होतं. तारा येत होत्या, आगगाडी येत होती, मोटारगाड्यांची चित्रं वर्तमानपत्रांत छापून येत होती. असल्या काळात शेत बघायला चिखल तुडवत कशाला जायचं? "सगळं जग तारेवर चाललंय, माझं शेत टपालावर का चालू नये?" असं तो कचेरीत दुपारच्या चहाला बिनदिक्कत विचारी. सोबतचे कारकून माना डोलवत, कारण चहा त्याचा असे.

दर रविवारी सकाळी नवं टोक लावलेली लेखणी घेऊन तो बसे. पत्राला क्रमांक, पत्रात कलमं. चौदा कलमांहून लहान पत्र त्याच्या हातून कधी गेलं नाही. सगळ्यात मोठं एकेचाळीस कलमांचं होतं, बैलांच्या गोठ्यात वारा कोणत्या दिशेनं यावा याबद्दल, सोबत आकृती. प्रत्येक पत्राची नक्कल तो वहीत उतरवून ठेवी. हे सगळं ज्ञान एका शेतकी मासिकातून येई आणि मासिक महिन्याला एकदा येई, त्यामुळे महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच्या मतांना विशेष धार असे. घरच्या खिडकीतल्या कुंडीत त्यानं तीनदा गुलाब लावला आणि तीनदा तो वाळला. तिसऱ्या वेळी बायको म्हणाली, "अहो, त्याला एक पत्र टाकून बघा ना."

बायकोनं त्याला 'कलमबहाद्दर' असं नाव ठेवलं होतं. त्याला ते कौतुकाचं वाटे.

पत्र दोन दिवस आगगाडीनं जाई. शेवटच्या स्टेशनात ते पडून राही, कारण तिथून पुढे टपालाचं तट्टू आठवड्यातून एकदाच, बुधवारी, निघे. मग आठ-दहा दिवसांनी तिकडून कार्ड येई. कार्डावर एकच ओळ: 'पत्र पावले. लिहिल्याप्रमाणे केले.' खाली कारभारीकाकांची सही. कार्ड हातात पडलं की तो रंगाची पेटी काढी आणि नकाशात दुरुस्ती करी. पीक दरवर्षी चांगलं येत होतं, धान्याची पोती वेळेवर येत होती. मग आपल्या पत्रांवर शंका घ्यायचं त्याला कारणच काय?

एका रविवारी आक्का आली. त्याची थोरली बहीण, दिलेली शेतापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. पत्र क्रमांक पाचशे एकाहत्तर आठवड्यापूर्वी रवाना झालं होतं आणि पाचशे बाहत्तरसाठी तो टोक बदलत होता. आक्कानं येताच त्याच्यापुढे लिंबांची टोपली ठेवली.

"आपल्या विहिरीपाशच्या बागेतली. यंदा फांद्या मोडायला आल्यात बघ."

त्यानं नकाशाकडे पाहिलं. विहिरीपाशी जांभळा रंग होता.

"आक्का, ती बाग तीन वर्षांपूर्वी तोडली."

"कोणी?"

"मी."

"तू? कशानं, पट्टीनं?" असं म्हणून आक्का इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग उठून तिनं टोपलीतलं एक लिंबू उचललं आणि भिंतीवरच्या जांभळ्या चौकोनावर नेऊन धरलं. "हे तुझ्या कांद्यात उगवलंय म्हण."

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. कारभारीकाका चौतीस वर्षं त्या शेतावर होते. त्याच विहिरीत त्यांनी त्याला पोहायला शिकवलं होतं. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, कोठाराशेजारची एक खोली एवढंच त्यांचं घर. हे सगळं त्याला आठवलं आणि आठवलं म्हणून तो जास्तच भडकला. आपल्याच माणसानं तीन वर्षं खोटं कळवावं! त्यानं कागद ओढला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याला कलमं सुचली नाहीत.

'विहिरीजवळची बाग उभी आहे असे कळले. आपण मला फसवलेत. हे पत्र मिळताच किल्ल्या गिरणीवाल्याकडे देऊन निघावे. नवा माणूस मी पाठवीन.'

चार ओळी. पाकीट बंद करून तो स्वतः स्टेशनावर गेला आणि निघायच्या बेतात असलेल्या टपालगाडीच्या डब्यात स्वतःच्या हातानं टाकून आला. जातीनं केलेलं शेताचं ते पहिलंच काम.

परत आल्यावर काकांच्या लबाडीची रीतसर यादी करावी म्हणून त्यानं नकलांच्या वह्या काढल्या. चारशे दहावं पत्र सापडलं. 'संपूर्ण बाग तोडून कांदा लावावा.' शाब्बास! त्यानं पान उलटलं. चारशे अकरा: 'गेल्या पत्रातले कलम तीन रद्द. पूर्वेकडची अर्धीच तोडावी.' चारशे बारा: 'पूर्वेकडची म्हणजे पश्चिमेकडची समजावी. नकाशा उलटा धरला गेला होता.' चारशे तेरा: 'मासिकाचा पुढील अंक येईपर्यंत झाडांना हात लावू नये.' चारशे पंधरा: 'बाग अद्याप का तोडली नाही?' चारशे सोळा: 'ही झाडे वडिलांनी लावलेली आहेत, याची जाणीव ठेवावी.' चारशे सतरा: 'तोडावी.'

तो वाचत सुटला. गव्हाचं तेच, बैलांचं तेच, गोठ्यातल्या वाऱ्याचं तर विचारूच नका. तो वारा त्यानं चारही दिशांनी आणून पाहिला होता. यातलं एकही पत्र त्याला आठवत नव्हतं. अक्षर मात्र त्याचंच होतं, आणि तेही सुरेख.

बायको चहा घेऊन आली. तिनं खांद्यावरून दोन-चार पानं वाचली.

"अहो, मग खोटं कुठे लिहिलं त्यांनी? ते काहीही करोत, लिहिल्याप्रमाणेच होणार. तुम्ही लिहायचं शिल्लक काय ठेवलंत?"

त्यानं कपाळावर हात मारला. आणि मग त्याला टपालगाडीतलं पाकीट आठवलं आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. तार करून उपयोग नव्हता. तार शेवटच्या स्टेशनापर्यंतच जाई, पुढे तीही त्याच तट्टावर बसे, आणि त्याच्या आणखी एका 'रद्द'वर आता विश्वास कोण ठेवणार? बुधवारच्या आत स्वतः पोचायला हवं होतं. आपल्याच पत्राच्या मागे जीव खाऊन धावणारा मालक जगात आपण एकटेच असू, असं तो पुढे सांगे. तेव्हा मात्र त्याला रडू येत होतं.

सोमवारी रजा टाकून त्यानं पहिली गाडी पकडली. ती गावोगावी थांबणारी निघाली. बुधवारी सकाळी तो शेवटच्या स्टेशनात उतरला तेव्हा तट्टू निघून तास झाला होता. त्यानं बैलगाडी ठरवली आणि मी रस्ता दाखवतो म्हणून पुढे चढून बसला. सगळा मुलूख त्याला तोंडपाठ होता, पण भिंतीवरचा. दोन कोसांनंतर गाडी एका वीटभट्टीच्या अंगणात जाऊन उभी राहिली. भट्टीवाल्यांनी पाणी पाजलं. मग गाडीवान म्हणाला, "साहेब, तुम्ही मागे बसा. बैलांना रस्ता ठाऊक आहे."

दुपार कलल्यावर तो शेतावर पोचला. विहिरीपाशी बाग उभी होती, हिरवीगार, लिंबांनी लगडलेली. त्याला इतकं बरं वाटलं की तो धावतच ओसरीवर चढला. कोनाड्यात एक गुळगुळीत दगड आणि दगडाखाली त्याचं पाकीट. बंद! न उघडलेलं! त्यानं ते झडप घालून उचललं. पाकीट जाड होतं. वर क्रमांक होता, पाचशे एकाहत्तर. ते गेल्या आठवड्याचं होतं.

"धाकटे मालक, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

कारभारीकाका खोलीच्या दारात उभे होते. हातात किल्ल्यांचा जुडगा. पायाशी एक पत्र्याची ट्रंक, दोरानं करकचून बांधलेली. ते त्याच्या मागे वाटेकडे बघत होते. "नवा माणूस बरोबर आलाय का? म्हणजे बैलांच्या सवयी त्याला सांगून निघालो असतो."

काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "काका, हे पत्र तुम्ही उघडलं नाहीत?"

"तुमचं पत्र आलं की मी दगडाखाली ठेवतो. आठ दिवस मुरू देतो. पुढचं आलं की दोन्ही एकदम वाचतो. दोन्हींत जे जुळेल तेवढं करायचं."

"आणि जुळलं नाही तर?"

"तर मग थोरले मालक करायचे तसं."

"जुळायचं का कधी?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "एकदा जुळलं होतं. विहिरीला नवा दोर घ्या म्हणून. घेतला लगेच."

"मग आजचं पत्र का नाही ठेवलंत दगडाखाली?" त्याचा आवाज चढला. "आजच कसं उघडलंत?"

"हातात घेतलं तेव्हाच हलकं लागलं." काका किल्ल्यांकडे बघत म्हणाले. "इतकं हलकं पत्र तुमच्याकडून कधी आलं नाही. मला वाटलं घरी कुणाचं बरंवाईट झालं. म्हणून उभ्याउभ्याच फोडलं. बघतो तर चारच ओळी, एक कलम नाही. म्हटलं, हे मात्र मनापासून लिहिलंय."

त्याला शरमेनं मान वर करवेना. हजारो कलमं लिहिली, त्यातल्या एकावरही या माणसानं विश्वास ठेवला नव्हता, आणि ठेवला तो नेमका इथे. तो तिथेच पायरीवर बसला.

"काका, ते पत्र रद्द समजा. पुढचं पत्र म्हणून मी स्वतः आलोय."

काकांना लागलं होतं आणि ते दिसत होतं. मग त्यांनी किल्ल्या कोनाड्यात दगडाखाली ठेवल्या.

"बरं. मग तुम्हालाही आठ दिवस मुरावं लागेल."

तो राहिला. तट्टू परतायच्या आत त्यानं घाईघाईनं बायकोला चिठ्ठी लिहिली. मी आठ दिवस येत नाही, काळजी नसावी. एवढं पुरे होतं. पण कागद उरला होता, म्हणून मग खिडक्या कधी लावाव्यात, दूध किती घ्यावं, छत्री कुठे टांगावी, कुंडीला पाणी कोणत्या बाजूनं घालावं, अशी नऊ कलमं झाली.

ते आठ दिवस तो काकांच्या मागे मागे हिंडला. निंदायला बसला आणि गवताबरोबर गहूही उपटला. बैलांनी त्याला ओळख दिली नाही. गोठ्यात वारा बेताचा आणि छान येत होता. कुठून येतो हे विचारायचा त्याला धीर झाला नाही. रोज संध्याकाळी तो दारातल्या ट्रंकेकडे हळूच बघे. दोर जसाच्या तसा होता. काका त्याला जेवू घालत, अंथरूण घालून देत, पण दोर सोडत नसत.

पुढच्या बुधवारी तट्टू आलं. त्याच्या नावाचं कार्ड होतं. अक्षर बायकोचं. त्यानं वाचलं आणि तो कानापर्यंत लाल झाला.

"घरी सगळं ठीक ना?" काकांनी काळजीनं विचारलं.

त्यानं मुकाट्यानं कार्ड त्यांच्या हातात दिलं. काकांनी ते डोळ्यांजवळ धरून मोठ्यानं वाचलं. "पत्र पावले. लिहिल्याप्रमाणे केले."

काकांनी कार्ड पुन्हा एकदा वाचलं. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट हललं, आणि मग ते भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्यालाही हसू आवरेना. दोघं हसत असतानाच काका वाकले आणि त्यांनी ट्रंकेचा दोर सोडला. चांगला दोर होता, वाया कशाला घालवायचा? तो दोर घेऊन ते विहिरीपाशी गेले आणि लिंबांच्या भारानं जमिनीला टेकलेली एक फांदी उचलून बांधायला लागले.

आणखी वीतभर वर बांधायला हवी, असं त्याला स्पष्ट दिसत होतं. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं, आणि मग फांदीचं दुसरं टोक धरायला पुढे झाला.