न झालेल्या यंत्राची वाट

कानाची यंत्रं बनवणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे चाचणीबाई म्हणत. तिनं होकार दिल्याशिवाय एकही यंत्र दाराबाहेर पडत नसे. पण मागच्या वर्षी एक यंत्र तिच्या टेबलावर न येताच गाजलं. भल्यामोठ्या पडद्यावर त्याचं चित्र झळकलं, भर गर्दीतही समोरच्याचंच बोलणं ऐकवणार म्हणून टाळ्या पडल्या. प्रत्यक्षात साहेबांच्या हातात होता तो रंगवलेला पोकळ प्लास्टिकचा तुकडा.

तिनं साहेबांना जिन्यातच गाठलं. "सर, याला अजून दोन-तीन वर्षं लागतील. आत्तापासून दवंडी कशाला?"

"दुसऱ्या कंपनीचं यंत्र पुढच्या महिन्यात दुकानात येतंय," साहेब शांतपणे म्हणाले. "आपण गप्प बसलो तर लोक तेच घेतील. आता थांबतील. आणि हे बाहेर बोलायचं नाही, बाई."

लोक थांबले. तिच्या घरातही. सासूबाई जन्मभर टेलिफोन ऑपरेटर. नुसत्या खोकल्यावरून माणूस ओळखायच्या. आता कान पार गेले होते. आधी पत्त्यांचा डाव सुटला, मग जेवताना बोलणं. मुलगा दुसऱ्या कंपनीचं यंत्र आणायला निघाला की त्या त्याला अडवायच्या. "माझ्या सुनेची कंपनी आणतेय. मी थांबेन."

"आई, वेळ लागेल," सून ओरडून सांगायची.

"लागू दे," त्या अभिमानानं म्हणायच्या, आणि ती ताटं उचलायला लागायची.

यंदा दुकानदारांच्या मेळाव्यात साहेबांनी तिलाच मंचावर उभं केलं. चाचणीबाईनं सांगितलं की विश्वास बसतो, हा त्यांचा हिशोब. भाषण लिहून दिलेलं होतं. ती तोंड उघडणार, तोच पुढच्या रांगेतली एक दुकानदारीण उठली. "माझी गिऱ्हाइकं वर्षभर बहिरी बसलीत. नक्की कधी येतंय?"

तिनं कागदाची घडी घातली. "मला माहीत नाही. ते यंत्र मी अजून पाहिलेलं नाही. ज्यांना आज ऐकू येत नाही, त्यांना आज मिळतंय ते द्या. दुसऱ्या कंपनीचं असलं तरी."

मंचामागे साहेब लालबुंद झाले होते. "परत जा आणि जीभ घसरली म्हणून सांगा."

"घसरली नाही, सर. वर्षभर दाबून धरली होती."

घरी जाताना तिनं दुसऱ्या कंपनीचं यंत्र विकत घेतलं. सासूबाईंनी डबी उलटीपालटी करून पाहिली. "हे आपलं नाही."

"आपलं कुठेच नाही, आई. नुसतं चित्र आहे," तिनं ओरडून सांगितलं.

त्यांनी यंत्र कानात बसवलं. मग म्हणाल्या, "तुला पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"हो."

"मग मला वेडं का बनवलंस?" त्या तिच्यावर तासभर भडकल्या, आणि तिनं सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं, मेळाव्यात काय बोलून आली तेही सांगितलं. शेवटी, ती उठून चालली तेव्हा, त्यांनी विचारलं, "उद्या राजीनामा मागतील ना?"

"मागतील."

"देऊ नकोस."

तिनं दिला नाही. "काढायचं तर काढा, पण कारण लिहून द्या," एवढंच ती म्हणाली. खरं बोलली, हे कारण कागदावर कोण लिहिणार? तिची रवानगी तळघरात झाली, परत आलेली बिघडलेली यंत्रं तपासायला. दुकानदार मात्र आता थेट तिलाच फोन करतात, नवं काही जाहीर झालं की. ते तयार आहे की नाही, ते ती सांगते. दार उघडं ठेवून, जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.